हिवाळ्यात सहज जमणारी चाल एप्रिलमध्ये हृदयाला जड का जाते?

मेहरूणकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. माझे वय ५१ असून मी बँकेत नोकरी करते. दिवाळीनंतर मी संध्याकाळी मेहरूण तलावाच्या काठाने वेगाने चालायला सुरुवात केली. त्याआधीची कित्येक वर्षे बँकेचा जिना हाच माझा व्यायाम होता. सुरुवातीला पोटऱ्या आणि नडग्या दुखत असत. हळूहळू ते थांबले, झोप गाढ लागू लागली आणि जानेवारी संपता संपता मैत्रिणीशी गप्पा मारत तासभर चालले तरी थकवा वाटेनासा झाला. मनगटावरच्या घड्याळात तेव्हा नाडीचे ठोके मिनिटाला ११५ च्या आसपास दिसत.

आता एप्रिल निम्मा सरला आहे. रस्ता तोच आहे, वेग तोच आहे, वेळही तीच, संध्याकाळी सातची. पण नाडी १३५ च्या खाली उतरत नाही आणि शेवटच्या टप्प्यात त्याहूनही वर जाते. पाय दुखत नाहीत, दमही फारसा लागत नाही. मात्र छाती धडधडते, कान तापतात आणि घरी पंख्याखाली बसल्यावरही बराच वेळ जीव थाऱ्यावर येत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आले. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड सारे व्यवस्थित आहे. "उन्हामुळे होते, जपून चाला," एवढे ते म्हणाले. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे पुढचे विचारायचे राहिले.

माझे प्रश्न दोन आहेत. शरीर जर चार-पाच महिन्यांत तयार झाले असेल, तर केवळ हवा बदलल्यामुळे ते असे मागे का जावे? आणि घरचे म्हणतात त्याप्रमाणे मृग लागेपर्यंत चालणे बंद ठेवले, तर कमावलेले सगळे निघून जाईल का?

लळिंगचा पायथा (धुळे)

ताई, मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आपले शरीर मागे गेलेले नाही. एप्रिलमध्ये त्याच चालीत त्याला दोन कामे करावी लागत आहेत आणि घड्याळ दोन्हींची बेरीज दाखवते आहे.

स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीसाठी उपयोगी पडतो. उरलेली सारी उष्णता होते. ती बाहेर टाकायची तर रक्त त्वचेपर्यंत न्यावे लागते. जानेवारीच्या संध्याकाळी आपल्याकडे हवा थंड असते, त्यामुळे थोडेसे रक्त त्वचेकडे वळवले तरी भागते. विश्रांतीच्या वेळी साध्या हवेत त्वचेला मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी रक्त मिळते; कडक उष्णतेत हाच प्रवाह सहा-सात लिटरपर्यंत वाढू शकतो. निवांत बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला एकूण पाच लिटरच्या आसपास रक्त ढकलते, हे लक्षात घेतले म्हणजे त्वचेची मागणी किती मोठी असू शकते ते कळते. पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीने, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला (फडाला) पाळीने, पाणी वाटणाऱ्या गावांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही, कारण बंधाऱ्यात पाणी तेवढेच आणि भिजवायचे फड मात्र एकाऐवजी दोन, अशी ही स्थिती आहे.

त्यात आणखी एक अडचण असते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की बरेचसे रक्त तिथेच रेंगाळते, आणि घामावाटे रक्तातला पातळ भागही कमी होतो. हृदयाकडे परत येणारे रक्त घटल्यामुळे दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट हृदय ठोक्यांची संख्या वाढवून भरून काढते. म्हणूनच वेग अजिबात न वाढवताही आपली नाडी पहिल्या दहा मिनिटांपेक्षा शेवटच्या दहा मिनिटांत वर सरकलेली दिसते. शरीराच्या आतले तापमान एक अंशाने चढले की नाडी साधारण आठ-दहा ठोक्यांनी वाढते, असा ढोबळ हिशेब आहे. आपले वाढलेले वीस ठोके उष्णता आणि पाण्याची तूट या दोन गोष्टींतच बहुतेक बसतात. पाय दुखत नाहीत आणि दमही लागत नाही, हे आपले निरीक्षण त्याच्याशी जुळणारे आहे, कारण पायांचे काम वाढलेलेच नाही.

"शरीर तयार झाले असेल तर" असे आपण विचारले आहे. ते तयार झाले आहे, पण ज्या कामासाठी आपण त्याला तयार केले त्याच कामासाठी. थंड हवेत केलेल्या व्यायामाने उष्णता सहन करण्याची तयारी काही प्रमाणात होते. उरलेली प्रत्यक्ष उष्णतेत वावरूनच होते. तिला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो आणि आठवडाभरात त्याच चालीला नाडी उतरू लागते. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल, तापलेल्या सोन्याच्या खाणींमध्ये नव्या कामगारांना अशा पायरीपायरीने उष्णतेची सवय लावण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाली होती, कारण ती नसताना उष्माघाताने माणसे दगावत होती. मात्र ही सवय टिकाऊ नसते. उष्णतेपासून दूर राहिले की काही आठवड्यांतच ती ओसरते.

आपल्या भागात यासाठी होळी ते गुढीपाडवा हा काळ महत्त्वाचा असतो. पारा पायरीपायरीने चढत असताना जो माणूस बाहेर चालत राहतो, त्याच्या अंगात ही तयारी नकळत होत जाते. दिवसभर वातानुकूलित बँकेत बसून संध्याकाळी एकदम तापलेल्या डांबरावर उतरणाऱ्या माणसाला ती अर्धवटच मिळते. आपण मार्चमध्ये वर्षअखेरीच्या कामामुळे चालण्यात खंड पाडला होता का, हे मला विचारावेसे वाटते. बँकेतल्या लोकांचा मार्च कसा जातो ते मला ठाऊक आहे.

आता आकड्यांचे. २२० वजा वय या सूत्राने आपली कमाल नाडी १६९ येते. २००१ मध्ये मांडलेल्या २०८ वजा वयाच्या सात दशांश या सूत्राने ती १७२ येते. दोन्ही सरासरीची सूत्रे आहेत आणि प्रत्यक्ष माणूस त्यापासून दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असू शकतो. तरीही ढोबळमानाने पाहिले, तर ११५ हा आकडा मध्यम व्यायामात मोडतो आणि १३५ हा जोरकस व्यायामात. म्हणजे पायांच्या दृष्टीने जी मध्यम चाल आहे, ती हृदयाच्या दृष्टीने जोरकस झाली आहे. म्हणून उन्हाळ्यात वेगाचा आग्रह सोडावा आणि नाडीला धरून चालावे. ११५ ते १२० मध्ये राहण्यासाठी जेवढे हळू चालावे लागेल तेवढे हळू चालावे. घड्याळावर विश्वास नसेल तर स्वतःच्या श्वासावर ठेवावा. बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम व्यायामाची जुनी खूण आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तर "किती कष्ट पडत आहेत" एवढ्या एका प्रश्नावर ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली, आणि तिचे आकडे असे निवडले की दहाने गुणल्यावर निरोगी तरुण माणसाची नाडी साधारण कळावी. माणसाच्या स्वतःच्या जाणिवेला एवढी किंमत देणारी मोजपट्टी प्रयोगशाळांमध्ये आजही वापरली जाते, ही गोष्ट मला यंत्रांच्या गर्दीत फार आवडते.

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

मी परिचारिका आहे. वरील सरांचे विवेचन पटले, पण संध्याकाळी सातची वेळ मला पटत नाही. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि सूर्य मावळला तरी डांबर, काँक्रीट आणि भिंती दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतात. चोवीस तासांतले सर्वांत कमी तापमान पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास असते. ताईंनी एकदा पहाटे तेवढ्याच वेगाने चालून नाडी पाहावी. फरक घड्याळच सांगेल. मनगटावरचे घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजते आणि पट्टा सैल असला, हात हलत असला किंवा खाली घाम साचला असला तर ते चुकू शकते. मानेवर किंवा मनगटावर बोटे ठेवून कधीतरी पडताळा घ्यावा.

झोपेकडेही पाहावे. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीही घरे तापलेली असतात, गच्चीवर झोपणाऱ्यांनाही मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेनंतर विश्रांतीची नाडीच मुळात वाढलेली असू शकते. ताईंच्या वयात रजोनिवृत्तीच्या काळातील उष्णतेच्या लाटा आणि धडधडही असतात. कान तापण्याचा आणि हवामानाचा संबंध दर वेळी असेलच असे नाही. हा विषय डॉक्टरांसमोर काढायला संकोच करू नये.

औषधे घेणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगते, कारण असे धागे वाचणाऱ्यांत तेही असतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत, त्यामुळे त्यांनी आकड्यावर विसंबून चालू नये. श्वासाची खूण पाहावी. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी आणि क्षार आधीच कमी होत असतात, म्हणून उन्हाळा सुरू होताना त्यांनी डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारावे.

मिठाविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. तासभर चालणाऱ्या माणसाला वेगळे मीठ घेण्याची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते, आणि शेवभाजी, पापड, लोणचे, ठेचा असलेल्या आपल्या ताटात तेवढे कधीच होऊन जाते. चालण्याआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले असेल तर साधारण एक लिटर पाणी गेले आहे असे समजावे. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या पुढे गेली की कामगिरी आणि नाडी या दोन्हींवर परिणाम दिसतो. पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे यांपैकी जे आवडेल ते घ्यावे. खिशात कांदा ठेवण्याने नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नये.

चालताना डोके दुखू लागले, मळमळले, अंगावर काटा आला किंवा चक्कर आली, तर त्या दिवशीचे चालणे तिथेच थांबवून सावलीत बसावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरीही. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे. आधी थंड करणे महत्त्वाचे असते, कारण मेंदूला आणि इतर अवयवांना होणारी इजा शरीर किती वेळ तापलेले राहिले यावर अवलंबून असते.

केळीबाग (यावल)

मी शेतकरी आहे, केळी आणि कापूस करतो. "शेतकऱ्याला व्यायामाची काय गरज?" हा प्रश्न मला गावात नेहमी विचारला जातो, कारण मी संध्याकाळी सायकल घेऊन सातपुड्याच्या पायथ्याकडे जातो. धुळ्याच्या सरांनी "ज्या कामासाठी तयार केले त्याच कामासाठी" असे लिहिले आहे, त्याला माझ्याकडून पुस्ती जोडतो.

उन्हाची सवय मला आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या माणसांना इतकी आहे की मे महिन्यात बागेत घड उतरवताना आमची नाडी ताईंच्या चालण्यापेक्षा कमी असेल. पण त्याचे एक कारण बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात शेतात राबणारा जाणता माणूस कधी घाईत दिसत नाही. काम पहाटे सुरू होते, ऊन चढले की थांबते, आणि मधल्या वेळात हातांची गती अशी ठेवलेली असते की धाप लागूच नये. ही गती कोणी शिकवत नाही. नव्याने आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात जोर लावतो आणि दुपारी बांधावर आडवा होतो, मग हळूहळू त्याची चाल बाकीच्यांसारखी होते.

मात्र यामुळे आमचे हृदय फार बळकट होते असे मी म्हणणार नाही. उन्हात दिवसभर उभा राहणारा मी पावसाळ्यात मनुदेवीकडे मुलांबरोबर चढावर निघालो की त्यांच्या मागे पडत असे आणि छाती भरून येत असे. डेन्मार्कमधील संशोधकांनी यावर बरेच काम केले आहे. कामावरचे श्रम आणि फुरसतीतला व्यायाम यांचे हृदयावर होणारे परिणाम सारखे नसतात, असे त्यांचे म्हणणे असून त्याला ते श्रमाचा विरोधाभास म्हणतात. त्यांची कारणमीमांसा अशी की मजुरीचे काम तासन्‌तास चालते, त्यात हृदयाला पुरेसा ताण देणारा जोर क्वचित येतो, ओझे उचलणे आणि वाकून राहणे यांनी रक्तदाब बराच वेळ वर राहतो, आणि सावरायला पुरेशी विश्रांती मिळत नाही. या मतावर वाद आहेत, कारण श्रमाचे काम करणाऱ्यांची कमाई, आहार आणि दवाखान्यापर्यंतची पोच हेही निराळे असते, आणि आकडेवारीतून ते पूर्णपणे वेगळे काढणे अवघड आहे. तरी माझ्या अंगाने मला जे सांगितले ते या म्हणण्याच्या बाजूचे आहे. सायकलीवर थोड्या वेळासाठी जोर लावायला लागल्यापासून चढ सोपा झाला. बागेतल्या कामाने तो कधी सोपा झाला नव्हता.

आणखी एक गोष्ट. बागेत सावली असली तरी पाणी भरल्यावर हवा दमट होते, अंगावरचा घाम ओघळत राहतो आणि वाळत नाही. बाहेरच्या मोकळ्या रानात ऊन कडक असूनही सदरा कोरडा राहतो आणि त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. कोरड्या सदऱ्याने माणूस फसतो.

बोरी ते बोरीवली (मूळ अमळनेर)

शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. थेंब होऊन खाली पडलेला घाम मात्र जवळपास काहीच नेत नाही. मुंबईत ३३ अंशांना मी निथळत असतो आणि थंड होत नाही. अमळनेरला ४२ अंशांना मला घाम दिसतच नाही आणि मी थंड होत असतो, पण पाणी दोन्हीकडे सारखेच जाते. खान्देशातल्या उन्हाची आणखी एक खोडी म्हणजे हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की अंगावर येणारा वारा उष्णता काढून घेण्याऐवजी अंगात घालतो. त्या वेळी थंड होण्यासाठी घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. दुपारी फटफटीवर जाताना सगळे जण तोंडाला रुमाल बांधतात ते काही उगाच नाही.

पायमोकळी (नंदुरबार)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

मृगापर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, पूर्ण थांबले तर काय होईल? रक्तातला वाढलेला पातळ भाग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ओसरतो आणि तेवढ्यानेही नाडी वाढते. दीर्घकाळ सराव केलेल्या खेळाडूंनी सराव सोडल्यावर तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सात टक्क्यांच्या आसपास आणि बारा आठवड्यांत सोळा टक्क्यांच्या आसपास घटल्याचे १९८४ मधील एका अभ्यासात दिसले होते. ताईंसारख्या नव्याने सुरुवात केलेल्या माणसाने कमावलेले थोडे असते आणि ते बऱ्याच अंशी जाते. स्नायूंची ताकद त्या मानाने चिवट असते, ती काही आठवडे टिकून राहते.

या संदर्भात अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून ठेवले, तेव्हा त्यांची ही क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांच्या सरावाने, पन्नाशीत असूनही, ती वयाची घट त्यांनी भरून काढली. अंथरुणात पडून राहणे आणि चालणे बंद करून घरात-बँकेत वावरणे यांत मोठा फरक आहे, त्यामुळे ताईंनी घाबरून जाऊ नये. पण स्थिर बसणे शरीराला किती महाग पडते आणि पन्नाशीनंतरही ते किती परत मिळवता येते, या दोन्ही गोष्टी या प्रयोगातून दिसतात.

व्यवहारात उपयोगी पडेल असा निष्कर्ष दुसऱ्या काही प्रयोगांतून निघतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असे दिसून आले की व्यायामाचे दिवस कमी केले किंवा प्रत्येक वेळचा कालावधी एक तृतीयांशावर आणला, तरी जोर तसाच ठेवल्यास कमावलेली क्षमता पंधरा आठवडे टिकून राहते. जोर कमी केला तर ती घसरते. ते लोक तरुण होते आणि त्यांचा व्यायामही कडक होता, हे खरे. तरीही दोन महिन्यांच्या उन्हाळ्यासाठी यातून सोपा मार्ग निघतो. रोज तासभर चालण्याऐवजी आठवड्यातून दोन-तीन पहाटे वीस-पंचवीस मिनिटे नेहमीच्या वेगाने चालावे, बाकीच्या दिवशी विश्रांती घ्यावी किंवा घरात दुसरे काही करावे. धुळ्याच्या सरांनी वेग सोडायला सांगितले आहे. ते संध्याकाळच्या उष्णतेसाठी योग्य आहे, पण पहाटेच्या गारव्यात वेग ठेवून वेळ कमी करणे मला अधिक बरे वाटते.

आणि हे "दुसरे काही" उन्हाळ्यातच सुरू करावे. पायांची चाल झाली की व्यायाम झाला असे बायकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि तो भाग बहुतेकांच्या वाचनातून सुटतो. रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत हाडे वेगाने विरळ होतात आणि सपाट रस्त्यावरचे चालणे ते रोखायला पुरेसे नसते. सकाळी घरात खुर्चीचा आधार घेऊन बैठका, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल, ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावते म्हणून. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणखी सावकाश बळकट होतात, आणि हाडांत झालेला फरक तपासणीत दिसायला कित्येक महिने जावे लागतात. म्हणून आठ दिवसांत ताकद वाढली असे वाटले तरी बैठकांची संख्या झपाट्याने वाढवू नये. स्नायू तयार असतात आणि गुडघ्याभोवतीच्या कंडरा अजून तयार नसतात.

मेहरूणकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. धुळ्याच्या सरांचा अंदाज बरोबर आहे, मार्चमध्ये माझे चालणे जवळजवळ बंदच होते. भुसावळच्या ताईंच्या सांगण्यावरून पहाटे चालून पाहिले. त्याच वेगाला नाडी १२० च्या आसपास राहिली. छातीतली धडधडही तशी जाणवली नाही.

नंदुरबारच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे बैठका सुरू केल्या. त्या दिवशी काहीच जाणवले नाही, दुसऱ्या दिवशी मांड्या आखडल्या आणि तिसऱ्या दिवशी एका लग्नाला जायचे होते, तिथे पंगतीत मांडी घालून बसणे अशक्य झाले. शेवटी वयस्कर मंडळींबरोबर टेबल-खुर्चीवर जेवले. मैत्रीण म्हणते की हे स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल आहे आणि लिंबूपाण्याने निघून जाईल. इतके महिने चालूनही मांड्या अशा कशा दुखतात? आणि दुखत असताना पुन्हा बैठका काढाव्यात का?

पायमोकळी (नंदुरबार)

लॅक्टिक आम्लाची गोष्ट फार पसरलेली आहे, पण व्यायामात तयार झालेले लॅक्टेट तास-दीड तासात रक्तातून निघून जाते, आणि हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतातही. दोन दिवसांनी येणारे दुखणे त्याचे असू शकत नाही. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येण्याच्या प्रक्रियेत २४ ते ७२ तासांच्या दरम्यान दुखणे सर्वांत जास्त असते. बैठकीत खाली जाताना मांडीचे स्नायू नेमके हेच करतात. सपाट रस्त्यावर चालताना ते काम त्यांना फारसे पडत नाही, म्हणून इतक्या महिन्यांच्या चालण्याचा इथे उपयोग झाला नाही. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा करून आलेल्यांना विचारा. चढताना दम लागतो आणि दुखते ते उतरल्यावर, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

दुखणे ओसरेपर्यंत बैठकांना सुट्टी द्यावी, हलके चालणे चालू ठेवावे. पुढच्या वेळी बैठका निम्म्या काढाव्यात आणि पूर्ण खाली न जाता खुर्चीला टेकेपर्यंतच जावे. त्याच प्रकारच्या कामाला दुसऱ्या वेळी दुखणे बरेच कमी होते, कारण एका खेपेतही स्नायू पुष्कळ सावरतो, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. लिंबूपाणी तहानेसाठी प्यावे.

फक्त एक पाहावे. मांडी सुजून कडक झाली, दुखणे उतरण्याऐवजी वाढत गेले किंवा लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात जाण्याचा तो प्रकार असू शकतो आणि उन्हाळ्यात शरीरात पाणी कमी असताना तो अधिक धोक्याचा ठरतो. खुर्चीच्या आधाराने काढलेल्या चार बैठकांनी तसे सहसा होत नाही. ताई, आपण किती काढल्या होत्या?

मेहरूणकाठ (जळगाव)

सूज नाही आणि लघवीचा रंगही नेहमीचाच आहे. आज जिना उतरताना कठड्याला धरावे लागले नाही. बैठका चारपेक्षा बऱ्याच जास्त होत्या; मुलगी शेजारी उभी राहून मोजत होती आणि थांबू देत नव्हती.

लळिंगचा पायथा (धुळे)

मग पुढच्या वेळी मोजायचे काम स्वतःकडे ठेवावे. शाळेतही मी जोर-बैठका मोजायला दुसऱ्या मुलाला कधी सांगत नसे.